युद्धासाठी पुढे केलेला गुप्तचर दावा कसा तपासावा : कोल्हापुरातील एका वाचकगटाची पद्धत

शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीत, किंवा गडहिंग्लज, चंदगड, कागलकडच्या कितीतरी घरांत, युद्धाच्या बातमीबरोबर पहिला हिशेब मांडला जातो तो रजेवर आलेल्या मुलाच्या परतीच्या तिकिटाचा. ‘शत्रूविषयी आमच्याकडे गुप्त माहिती आहे आणि तिच्यामुळे युद्ध टाळता येणार नाही’ असे एखादे सरकार, ते कोणत्याही देशाचे असो, जाहीरपणे सांगते, तेव्हा त्या विधानाची किंमत अशा घरांना मोजावी लागते. किंमत मोजणाऱ्यांना दावा तपासून पाहण्याचा अधिकार आहे आणि सामान्य वाचकालाही तो बऱ्याच अंशी तपासता येतो, असे माझे ठाम मत आहे. तो कसा तपासावा, हे या लेखात सांगितले आहे.

ही पद्धत आमच्या हातून चुकत चुकत तयार झाली. इराककडे सामूहिक संहाराची शस्त्रे असल्याचा दावा करून मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी इराकवर हल्ला केला तेव्हा आमच्या आठ-दहा जणांच्या वाचकगटात दोन तट पडले. ‘सद्दामकडे शस्त्रे आहेतच’ असे काहींचे म्हणणे होते, तर ‘हा सगळा तेलासाठी रचलेला बनाव आहे’ असे इतरांचे. तीन आठवडे आम्ही एकमेकांना तेच तेच ऐकवले आणि अखेर दोन जुने स्नेही एकमेकांशी बोलेनासे झाले. त्या तीन आठवड्यांत आमच्यापैकी एकानेही ज्या विधानांवर भांडण चालले होते ती विधाने मुळातून वाचली नव्हती. मीही वाचली नव्हती, आणि त्याची खंत मला आजही आहे. जुलै २०१६ मध्ये इराक युद्धाविषयीच्या ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीचा बारा खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा आम्ही पुन्हा बसलो, या वेळी कागद समोर ठेवून. दोघांची मते आजही जुळत नाहीत, परंतु ती कोठे जुळत नाहीत हे आता दोघांनाही नेमके सांगता येते.

नव्या गटाने सराव इराकच्या प्रकरणावरच करावा. त्यातील कागद आता मोठ्या प्रमाणात उघड झालेले आहेत, आणि आपल्याकडच्या कोणत्याही पक्षाची अब्रू त्यात गुंतलेली नसल्यामुळे बसणाऱ्यांना मन मोकळे ठेवणे सोपे जाते. आजच्या आणि आपल्या देशाच्या प्रश्नाकडे हात सरावल्यानंतर वळावे. इराक आपल्याला वाटतो तितका परका नाही, हेही येथे नोंदवतो. पहिल्या महायुद्धात कूत येथे वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण आलेल्या फौजेत मराठा पलटणी होत्या.

दावा वहीत उतरवणे

पहिले काम वहीचे आहे. दावा कोणी केला, कोणत्या तारखेला, कोठे, आणि कोणत्या शब्दांत, हे एका पानावर लिहून काढावे. ‘अमेरिका म्हणाली’ ही नोंद स्वीकारू नये. देश बोलत नसतो. अध्यक्ष बोलतो, मंत्री बोलतो, किंवा नाव न सांगणारा अधिकारी बोलतो, आणि या तिघांच्या बोलण्याचे वजन वेगवेगळे असते.

उदाहरणादाखल २८ जानेवारी २००३ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अमेरिकी काँग्रेससमोर केलेल्या भाषणातील एक वाक्य घ्यावे. सद्दाम हुसेन यांनी अलीकडे आफ्रिकेतून मोठ्या प्रमाणावर युरेनियम मिळवण्याचा प्रयत्न केल्याचे ब्रिटिश सरकारला कळले आहे, असे ते वाक्य होते. मूळ इंग्रजीत ते सोळा शब्दांचे आहे. ते सावकाश वाचले की लक्षात येते की युरेनियम मिळाले असे त्यात म्हटलेले नाही, ते मिळवण्याचा प्रयत्न झाला असे म्हटले आहे. शिवाय सांगणारे अमेरिकी अध्यक्ष असले तरी माहितीची जबाबदारी ब्रिटिशांवर टाकलेली आहे. सर्वांत महत्त्वाचे आहे ते क्रियापद. मराठीत ‘पाऊस पडल्याचे कळले’ आणि ‘पाऊस पडला म्हणे’ यांतला फरक लहान मुलालाही समजतो. पहिल्यात बोलणारा स्वतः खात्री देतो, दुसऱ्यात तो फक्त ऐकलेले पुढे सांगतो. ज्या माहितीबद्दल अमेरिकेच्याच गुप्तचर खात्याला शंका होती, आणि त्या शंकेमुळे जी ऑक्टोबर २००२ मधील दुसऱ्या एका भाषणातून काढून टाकायला लावली गेली होती, तिच्यासाठी ‘म्हणे’चे क्रियापद हवे होते, योजले गेले ते ‘कळले’चे. ७ मार्च २००३ रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे प्रमुख मोहम्मद अल बारादेई यांनी सुरक्षा परिषदेला सांगितले की, आफ्रिकेतील नायजर या देशाशी झालेल्या युरेनियमच्या व्यवहाराचे म्हणून दाखवलेले कागद अस्सल नाहीत. त्या वर्षीच्या जुलैत ते वाक्य भाषणात यायला नको होते, हे व्हाइट हाऊसने मान्य केले. दुसरीकडे, ब्रिटनमध्ये गुप्तचर माहितीची तपासणी करणाऱ्या बटलर समितीने २००४ मध्ये ब्रिटिश सरकारचे मूळ म्हणणे इतर माहितीच्या आधारे योग्यच ठरवले. म्हणजे एकाच वाक्यावर दोन गंभीर मते आजही उभी आहेत, आणि वाक्य शब्दशः समोर नसेल तर दोन्ही मतांपैकी एकही नीट समजत नाही.

चार रकाने

त्यानंतर पानावर चार रकाने आखावेत. पहिल्या रकान्यात कच्ची माहिती लिहावी, म्हणजे खबऱ्याने काय सांगितले, कोणते संभाषण टिपले गेले, उपग्रहाच्या छायाचित्रात काय दिसले. दुसऱ्यात गुप्तचर विश्लेषकांनी त्यावरून काढलेले अनुमान, तिसऱ्यात राजकीय नेत्यांनी लोकांपुढे केलेली मांडणी, आणि चौथ्यात प्रत्यक्ष निर्णय. एक नियम मात्र कडकपणे पाळावा. जो बोलेल त्याने आपला आक्षेप कोणत्या रकान्यावर आहे हे आधी सांगावे. २००३ मधील आमचे भांडण या एका नियमाने निम्मे मिटले असते, कारण एक जण पहिल्या रकान्याबद्दल बोलत होता, दुसरा चौथ्याबद्दल, आणि दोघेही समोरचा आपल्यालाच उत्तर देतो आहे असे समजून चिडत होते.

या रकान्यांचा खरा उपयोग मात्र एका रकान्यातून दुसऱ्यात जाताना काय गळून पडले हे पाहण्यासाठी होतो. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थांनी ऑक्टोबर २००२ मध्ये तयार केलेल्या गोपनीय राष्ट्रीय अंदाजपत्रात (नॅशनल इंटेलिजन्स एस्टिमेट) अनेक ठिकाणी ‘आमचे अनुमान आहे की’ असे शब्द होते आणि असहमत संस्थांची मतेही नोंदवलेली होती. त्याच महिन्यात लोकांसाठी जी पुस्तिका काढली गेली, तिच्यात ‘आमचे अनुमान’ हे शब्द बऱ्याच ठिकाणी गळले आणि मतभेदाच्या नोंदी जवळजवळ दिसेनाशा झाल्या. हे मी माझ्या मनाचे सांगत नाही. अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीने जुलै २००४ मधील अहवालात याच गळतीवर बोट ठेवले आहे.

शब्द तपासण्यासाठी आम्ही एक उतरंड वापरतो. खात्री, दाट शक्यता, शक्यता, अंदाज, शंका अशी ती वरून खाली येते. दोन्ही कागदांतील प्रत्येक विधान या उतरंडीवर कोठे बसते ते तांबड्या पेन्सिलीने समासात लिहावे. गोपनीय कागदात ‘शक्यता’च्या पायरीवर असलेले विधान भाषणात ‘खात्री’च्या पायरीवर चढलेले आढळले, तर त्या चढणीचे कारण देण्याची जबाबदारी भाषण करणाऱ्यावर येते. मराठी वृत्तपत्रांतील भाषांतरावर येथे विसंबू नये. घाईच्या रात्री उपसंपादकाच्या हातून ‘असू शकतात’चे ‘आहेत’ होऊन जाते, आणि त्यात त्याचा हेतू वाईट असतो असे मुळीच नाही.

ब्रिटिश सरकारने २४ सप्टेंबर २००२ रोजी प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेतील ‘४५ मिनिटां’चा दावा हे या गळतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. आदेश मिळाल्यापासून ४५ मिनिटांत इराक काही रासायनिक आणि जैविक शस्त्रे वापरू शकेल, असे तो सांगत होता. मूळ माहिती रणांगणावर वापरायच्या, जवळच्या पल्ल्याच्या शस्त्रांसंबंधी असल्याचे मानले जात होते, परंतु पुस्तिकेत तसे म्हटले नव्हते, आणि दूरवर मारा करणारी क्षेपणास्त्रेच पाऊण तासात सुटणार अशा अर्थाचे मथळे काही वृत्तपत्रांनी छापले. कोणत्या शस्त्रांविषयी हे आहे ते सांगितल्याशिवाय तो दावा पुस्तिकेत घालायला नको होता, असे बटलर समितीने पुढे म्हटले. खोटा शब्द एकही न लिहिता वाचकाची समजूत चुकू शकते, हे दाखवण्यासाठी मी नव्या सदस्यांपुढे नेहमी हेच पान आधी ठेवतो.

नळ्यांचे प्रकरण आणि उद्यमनगरचे मिस्त्री

तांत्रिक दावा आला की बहुतेक वाचक हात टेकतात. ‘हे आपल्याला काय कळणार’ असे म्हणून ते तज्ज्ञाच्या किंवा पुढाऱ्याच्या शब्दावर सगळे सोपवतात. तसे करण्याची गरज नसते, हे आम्हाला एका मिस्त्रींनी शिकवले.

इराकने उच्च दर्जाच्या ॲल्युमिनियमच्या हजारो नळ्या परदेशातून मागवल्या होत्या आणि २००१ मध्ये त्यांचा एक साठा जॉर्डनमध्ये अडवला गेला. नळीचा बाहेरचा व्यास ८१ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी तीन मिलिमीटरहून थोडी अधिक होती. युरेनियम समृद्ध करणाऱ्या, अतिवेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूज यंत्राचा भाग म्हणून या नळ्या घेतल्या जात आहेत, असे अमेरिकेच्या सीआयएचे म्हणणे होते. त्याच सरकारच्या ऊर्जा खात्यातील शास्त्रज्ञ, म्हणजे स्वतः सेंट्रिफ्यूजवर काम केलेली माणसे, त्याच्याशी सहमत नव्हती. नळ्या त्या कामासाठी फार अरुंद आणि फार जाड भिंतींच्या आहेत, आणि इराक पूर्वीपासून बनवत असलेल्या ८१ मिलिमीटरच्या साध्या रॉकेटशी त्या तंतोतंत जुळतात, असे त्यांचे मत होते. ५ फेब्रुवारी २००३ रोजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत हे प्रकरण मांडताना या नळ्यांबद्दल तज्ज्ञांत मतभेद असल्याचे सांगितले, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. परंतु असहमत असणाऱ्यांत खुद्द त्यांच्याच खात्याचा गुप्तवार्ता विभाग होता, हे त्यांनी सांगितले नाही. त्यांचा भर होता तो नळ्यांच्या मोजमापातील काटेकोरपणावर. साध्या रॉकेटला इतका घट्ट टॉलरन्स (मापात चालणारा फरक) कशाला लागेल, असा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न आम्ही कोल्हापूरच्या उद्यमनगरमध्ये उभी हयात लेथवर काढलेल्या एका मिस्त्रींपुढे ठेवला. अणुविज्ञानाशी त्यांचा काही संबंध नव्हता आणि त्यांनी तसे आधीच सांगून टाकले. ड्रॉइंग पाहून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “साहेब, ड्रॉइंग काढणाऱ्याला भीती वाटली की तो टॉलरन्स घट्ट करतो. आधीचा माल फेल गेलेला असतो, वरून बोलणी बसलेली असतात. मग लागतं त्याच्या दुप्पट काटेकोर मागतो. हा माल त्यांनी आधी कधी घेतला होता काय, ते बघा.” आम्ही पाहिले. त्याच प्रकारच्या मिश्रधातूच्या आणि त्याच व्यासाच्या नळ्या इराक रॉकेटसाठी आधीपासून वापरत होता, हे आंतरराष्ट्रीय निरीक्षकांना ठाऊक होते. युद्धानंतर झालेल्या तपासात इराकी अभियंत्यांनी रॉकेटच्या अचूकतेच्या खटपटीत मोजमापे घट्ट करत नेल्याचे आढळले, आणि नळ्या रॉकेटसाठीच होत्या हे अमेरिकेच्याच चौकशी अहवालांनी पुढे मान्य केले.

यावरून ठरवलेली रीत अशी आहे. तांत्रिक दावा पुढे आला की त्या वस्तूच्या जातीचे काम हाताने करणारा माणूस शोधावा. कोल्हापुरात तो शोधणे अवघड नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत फाउंड्री आणि मशिनिंगची जाण असलेली माणसे भरपूर आहेत. त्याला निष्कर्ष विचारू नये. ही वस्तू आणखी कशासाठी वापरतात, ती मागवणाऱ्याने पूर्वी काय मागवले होते, आणि सांगितलेल्या कामासाठी ती वापरायची तर तिच्यात काय बदल करावे लागतील, एवढेच विचारावे. आणि सरकारच्या कागदात बहुसंख्य संस्था एका बाजूला असल्या तरी त्या विषयाचे प्रत्यक्ष ज्ञान असलेली संस्था कोणत्या बाजूला आहे, हे वेगळ्या शाईने लिहून ठेवावे.

साक्षीदार खरोखर किती

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात ‘राधानगरीचे सगळे दरवाजे उघडले’ असा निरोप तासाभरात दहा मोबाइलवर येऊन पडत असे. दहा निरोप म्हणजे दहा साक्षीदार, असे कोल्हापुरात कोणी मानत नाही. निरोप कोणाकडून निघाला हे विचारले जाते, आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फुटांवर आहे ते पाहिले जाते. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका, हे येथे शाळकरी मुलांनाही पाठ आहे. गुप्तचर दाव्याला हीच दोन मोजमापे लावायची असतात : मूळ सांगणारे किती, आणि पाण्यात उभी केलेली पट्टी कोणती.

पॉवेल यांनी त्याच भाषणात इराककडे जैविक शस्त्रे बनवणाऱ्या फिरत्या प्रयोगशाळा असल्याचे सांगितले आणि त्यासाठी चार स्रोतांचा आधार दिला. बहुतेक सर्व भार प्रत्यक्षात एकाच माणसावर होता. जर्मनीत आश्रय घेतलेला हा इराकी अभियंता ‘कर्व्हबॉल’ या सांकेतिक नावाने ओळखला जात असे. त्याची चौकशी जर्मन गुप्तचर करत होते, आणि युद्धापूर्वी सीआयएच्या अधिकाऱ्यांनी त्याला स्वतः प्रश्न विचारलेले नव्हते. उरलेल्या स्रोतांपैकी एकाची माहिती रचलेली असल्याचा इशारा अमेरिकेच्याच लष्करी गुप्तचर यंत्रणेने २००२ मध्ये दिला होता, पण तो इशारा भाषण तयार करणाऱ्यांपर्यंत पोहोचलाच नाही. कर्व्हबॉलने स्वतः २०११ मध्ये ब्रिटिश वृत्तपत्राला मुलाखत देऊन आपण गोष्ट रचल्याची कबुली दिली.

वहीत प्रत्येक स्रोतापुढे तीन गोष्टी लिहाव्यात. त्याने हे स्वतः पाहिले का, दावा करणाऱ्या सरकारचा माणूस त्याला स्वतः भेटला का, आणि हे सांगण्यात त्याचा काही लाभ होता का. शेवटचा प्रश्न विचारताना संयम हवा. परागंदा माणसाला आश्रय हवा असतो, त्याच्या मनात जुलमी राजवटीबद्दल खरा राग असतो, आणि तरीही त्याने सांगितलेले खरे असू शकते.

पाण्यातली पट्टी म्हणजे तेथे जाऊन पाहणारे निरीक्षक. हान्स ब्लिक्स यांच्या नेतृत्वाखालील संयुक्त राष्ट्रांच्या पथकांनी नोव्हेंबर २००२ च्या अखेरीपासून मार्च २००३ च्या मध्यापर्यंत इराकमध्ये सुमारे ७०० तपासण्या केल्या. त्यांना शस्त्रसाठे सापडले नाहीत. साठे नाहीतच असा निर्वाळाही त्यांनी दिला नाही. आणखी काही महिने हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. दावा आणि पट्टी यांत अंतर पडले असेल तर पट्टी आणखी किती काळ पाहू द्यावी, हा खरा राजकीय प्रश्न आहे आणि त्यावर प्रामाणिक माणसांत मतभेद होऊ शकतात. पट्टीकडे पाहायचेच नाही, या भूमिकेला मात्र मी कधी मान देऊ शकलो नाही.

त्या दिवशी काय माहीत होते

एका उभ्या कागदावर तारखांची पट्टी करावी आणि प्रत्येक मत त्या दिवशीच्या माहितीवरच तपासावे. ‘नंतर सगळेच शहाणे होतात’ हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर तारखांतच मिळते. रॉबिन कुक हे ब्रिटनचे माजी परराष्ट्रमंत्री. गुप्तचर माहिती त्यांच्या पाहण्यातली होती. युद्धापूर्वी, १७ मार्च २००३ रोजी, मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना त्यांनी संसदेत सांगितले की, सर्वसाधारणपणे ज्याला सामूहिक संहाराची शस्त्रे म्हणतात ती इराककडे बहुधा नाहीत. अमेरिकी सिनेटच्या गुप्तचर समितीचे तेव्हाचे अध्यक्ष बॉब ग्रॅहॅम यांनी ते अंदाजपत्र वाचून ऑक्टोबर २००२ मध्ये युद्धाला परवानगी देणाऱ्या ठरावाच्या विरोधात मत दिले. ठराव ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत झाला, आणि ते संपूर्ण पत्र फार थोड्या सिनेटरांनी वाचले होते. ब्रिटनमध्ये कुक यांच्या भाषणाच्या दुसऱ्याच दिवशी, १८ मार्च २००३ ला, संसदेने ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला मान्यता दिली.

‘खोटे’ की ‘चूक’

सगळ्यात जास्त भांडण येथे होते, म्हणून येथे सर्वांत सावकाश जावे. युद्धाला विरोध करणाऱ्यांनी आधी काही गोष्टी मोकळेपणाने मान्य कराव्यात. सद्दाम यांच्या राजवटीने मार्च १९८८ मध्ये हलब्जा येथे आपल्याच देशातील कुर्दांवर विषारी वायू सोडला होता. १९९१ च्या युद्धानंतर इराकचा अणुकार्यक्रम गुप्तचरांच्या अंदाजापेक्षा बराच पुढे गेलेला आढळला होता. १९९५ मध्ये सद्दाम यांचे जावई हुसेन कामेल पळून गेल्यानंतर जैविक शस्त्रांची लपवलेली माहिती बाहेर आली होती. एकदा कमी लेखून पस्तावलेला विश्लेषक पुढच्या वेळी जास्त लेखतो, आणि हा मनुष्यस्वभाव लक्षात घेतल्याशिवाय २००२ चे कागद न्यायाने वाचता येत नाहीत. नोव्हेंबर २००२ मध्ये सुरक्षा परिषदेने इराकला अखेरची संधी देणारा १४४१ क्रमांकाचा ठराव १५ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला होता. शंका एकट्या वॉशिंग्टनला नव्हती.

युद्धाच्या समर्थकांनीही तितक्याच मोकळेपणाने मान्य करावे की, शंका आणि खात्री यांमधले अंतर लोकांपासून झाकले गेले. धोक्याच्या तीव्रतेविषयीची अनुमाने समर्थन करता येणार नाही अशा खात्रीने मांडली गेली आणि त्या क्षणी युद्ध हा अखेरचा मार्ग नव्हता, असा चिलकॉट अहवालाचा निष्कर्ष आहे.

यानंतर सदस्यांना ‘खोटे’ आणि ‘चूक’ या दोन शब्दांऐवजी पाच शब्द द्यावेत : खोटे ठाऊक असून सांगितले, सोयीचे तेवढे निवडले, शंका गाळली, विचारायला हवे ते विचारले नाही, आणि प्रामाणिकपणे चुकले. प्रत्येक विधानापुढे यांपैकी एकच शब्द लिहावा आणि त्याचा आधार कागदातून दाखवावा. एकाच भाषणातील वेगवेगळी विधाने वेगवेगळ्या शब्दांखाली जातात हे दिसू लागले की आवाज आपोआप खाली येतात.

अधिकृत चौकशांनाही हा प्रश्न एकमताने सोडवता आलेला नाही, हे गटाला जरूर सांगावे. सिनेट समितीचा २००४ चा अहवाल गुप्तचर संस्थांच्या चुकांबद्दल एकमताचा होता, आणि मते बदलण्यासाठी विश्लेषकांवर दबाव आणल्याचा पुरावा आढळला नाही असे त्यात म्हटले होते. तरी काही डेमोक्रॅट सदस्यांनी दबावाविषयीचे आपले वेगळे मत स्वतंत्रपणे जोडले. नेत्यांनी माहिती कशी वापरली, हा अडचणीचा भाग पुढे ढकलला गेला. तो जून २००८ मध्ये आला तेव्हा समिती १० विरुद्ध ५ अशी विभागली गेली. चौकशी समिती म्हणजे न्यायदेवता, असे समजून तिचा एक परिच्छेद दुसऱ्याच्या तोंडावर फेकू नये. समितीला कोणता प्रश्न विचारला होता आणि कोणता विचारलाच नव्हता, हे आधी पाहावे.

शब्दाच्या भाषांतरातच निकाल कसा दडलेला असतो, याची दोन उदाहरणे आम्ही मुद्दाम घेतो. २३ जुलै २००२ रोजी ब्रिटिश पंतप्रधानांकडे झालेल्या बैठकीच्या टिपणात, जे मे २००५ मध्ये वृत्तपत्रात छापले गेले, गुप्तचर माहिती आणि तथ्ये धोरणाभोवती ‘फिक्स’ केली जात होती, असे वाक्य आहे. त्याचे मराठी ‘धोरणाला जुळतील अशी बनवली जात होती’ असे केले की आरोप सिद्ध झाल्यासारखा वाटतो, आणि ‘धोरणाशी जोडून बसवली जात होती’ असे केले की तो निम्मा उतरतो. दोन्ही भाषांतरे फळ्यावर लिहावीत, एकही पुसू नये. दुसरे उदाहरण आपल्या संसदेचे आहे. ८ एप्रिल २००३ रोजी लोकसभेने इराकवरील हल्ल्याविरुद्ध ठराव संमत केला. सरकारला सौम्य शब्द हवा होता, विरोधकांना कडक. हिंदी मसुद्यात ‘निंदा’ आला, तर इंग्रजीत त्याहून मवाळ, ‘खेद’कडे झुकणारा शब्द राहिला, आणि दोन्ही बाजूंनी आपापल्या भाषेत समाधान मानले.

आपल्या देशाकडे वळताना

सराव झाल्यावर गट आपल्या देशाच्या प्रश्नांकडे वळेलच. येथे कागद कमी आहेत, हे मान्य करून काम करावे लागते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये गुप्तचर संस्थांवर लक्ष ठेवणाऱ्या लोकप्रतिनिधींच्या स्थायी समित्या आहेत. आपल्याकडे तशी कायद्याने नेमलेली संसदीय समिती नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम २४ नुसार दुसऱ्या अनुसूचीतील गुप्तचर संस्था वगळलेल्या आहेत, मात्र भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांच्याशी संबंधित माहितीला ती सूट पूर्णपणे लागू होत नाही. १९६२ च्या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजूनही अधिकृतपणे खुला केलेला नाही. त्यातील निष्कर्षांचा सारांश तेवढा तेव्हाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेत सांगितला. याउलट के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील कारगिल आढावा समितीचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, फेब्रुवारी २००० मध्ये संसदेपुढे ठेवला गेला. तो अवश्य वाचावा. तेथे प्रश्न नसलेल्या धोक्याचा नव्हता, असलेला धोका न दिसण्याचा होता, आणि दोन्ही प्रकारच्या चुका शेजारी ठेवल्याशिवाय गुप्तचर कामाची अवघड जात कळत नाही.

एक मर्यादा काटेकोरपणे पाळावी. गोपनीय शिक्क्याचा कागद कोणी मोबाइलवर पाठवला तर तो पुढे पाठवू नये. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ आजही लागू आहे. रजेवर आलेल्या जवानाला, किंवा त्याच्या घरच्यांना, त्याची पलटण कोठे आहे आणि तेथे काय चालले आहे, हे चर्चेच्या नावाखाली कधीही विचारू नये. आमच्या गटात ज्यांचा मुलगा सैन्यात आहे अशा एक काकू नियमित येतात. त्या बैठकीत सर्वांत कमी बोलतात, परंतु ‘कोणत्या रकान्याबद्दल बोलताय?’ हा प्रश्न त्याच सर्वांत आधी विचारतात.

बैठक चालवताना

एका प्रकरणाला चार संध्याकाळी पुरतात, सहा ते दहा माणसे असावीत. कागद आठ दिवस आधी वाटावेत. जुने अंक आणि संदर्भ यांसाठी करवीर नगर वाचन मंदिरात आणि शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करावी. परदेशी चौकशी अहवाल त्या त्या सरकारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात आणि त्यांचे सारांश वाचायला एक रविवार पुरतो. तिसऱ्या संध्याकाळी बाजू बदलाव्यात, म्हणजे समर्थकाने विरोधाची आणि विरोधकाने समर्थनाची मांडणी करावी, आणि समोरच्याने ‘होय, माझे म्हणणे हेच आहे’ असे म्हणेपर्यंत पुढे जाऊ नये. ‘देशद्रोही’ आणि ‘युद्धखोर’ हे दोन शब्द बैठकीत कोणी उच्चारले तर त्या दिवशीची चर्चा तेथेच थांबवावी. आम्ही ती दोनदा थांबवली आहे.

चौथ्या संध्याकाळी चार रकान्यांच्या उजवीकडे एक पाचवा रकाना आखावा आणि पुढे खुल्या होणाऱ्या कागदांसाठी तो कोरा ठेवावा. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टॉन्किनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर दुसऱ्यांदा हल्ला झाल्याचे सांगून जो ठराव सिनेटने ८८ विरुद्ध २ मतांनी संमत केला, त्यातील तो दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे दाखवणारा अमेरिकेच्याच एनएसए या गुप्तचर संस्थेतील इतिहासकाराचा अभ्यास २००५ मध्ये, म्हणजे एकेचाळीस वर्षांनी, खुला झाला. म्हणून वहीवर प्रकरणाचे नाव आणि बैठकीची तारीख घालावी, उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात, आणि नवा कागद खुला झाल्याची बातमी आली की त्याच माणसांना, त्यांची मते काय होती याची त्यांना आठवण करून देऊन, पुन्हा बोलवावे.